जांबोटीच्या पुढं रानातला कॅम्प, लाइट नाही रेंज नाही, गणपतीत चोरी झाली, आता बंदोबस्त कसा करावा?

रानवाट_बेळगाव

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, खरं सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सुचवता यायचं नाही.

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं, मेन रोडपासून दोनेक किलोमीटर आत आमची आजोबांच्या वेळची तीन एकर जमीन आहे. थोडे काजू, बाकी माळ, आणि दोन बाजूंनी रान. मी आणि धाकटा भाऊ मिळून गेली तीन वर्षं तिथं छोटा कॅम्प चालवतोय. पाच तंबू, स्वयंपाकाची एक पत्र्याची शेड, दोन न्हाणी-संडास. लाइटचा पोल तिथवर आलेलाच नाही त्यामुळं सगळं सोलरवर. मोबाइलला रेंज शेडमध्ये नाही, मागच्या टेकाडावर चढलं की एखादी कांडी येते. नोव्हेंबर ते मे चालू असतं, जूनला तंबू गुंडाळून बेळगावला आणतो, तिकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पॅनेल, बॅटरी, टाकी, भांडीकुंडी मात्र तिथंच राहतात.

यंदा घरात पाच दिवसांचा गणपती होता म्हणून आठवडाभर कोण तिकडं फिरकलंच नाही. विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊ गेला तर शेडचा कोयंडा उचकटलेला. दोन पॅनेल गेले, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी गेली, वायर गेली, न्हाणीतल्या पितळी तोट्यासुद्धा गेल्या. मी संध्याकाळी पोचलो. बॅटरीच्या वायरी तोडलेल्या नव्हत्या, पान्यानं नट व्यवस्थित सोडवून ठेवलेले, चारही नट-वॉशर रॅकच्या कडेला ओळीनं मांडलेले. म्हणजे घाईत नव्हते, आरामात काम केलंय. लाल चिखलात बॅटरी ओढत नेल्याचा पट्टा गाडीवाटेपर्यंत आणि तिथं टमटमसारख्या गाडीच्या चाकांचा माग. आजीच्या लग्नातला तांब्याचा हंडा होता पाणी तापवायचा, तो पण गेला. पॅनेल पैशानं परत येतील, हंड्याचं काय करू. आई अजून त्याच्यावर बोलत नाही.

आता नोव्हेंबरच्या आत परत उभं करायचंय. कोण म्हणतं कॅमेरे बसव, कोण म्हणतं कुत्री पाळ, एकजण म्हणाला तारेच्या कुंपणात जनरेटरचा करंट सोड म्हणजे परत कोण येणार नाही. ज्यांची रानात शेतघरं, कॅम्प, काजूच्या बागा आहेत त्यांनी अनुभवाचं सांगा.

उद्यमबाग_फिटर

भावा पहिलं ते करंटचं डोक्यातून काढून टाक. कुंपणात सरळ करंट सोडला तर चोर मरायच्या आधी गवळ्याची म्हैस मरेल, नाहीतर सरपण गोळा करायला आलेली बाई मरेल, आणि मेला तो चोर असला तरी तू जेलमध्ये. त्या पट्ट्यात गवे आहेत, हत्ती येऊन गेलेत, जनावर मेलं तर फॉरेस्टची केस वेगळी. शेतकरी वापरतात ते झटका मशीन निराळं, ते सेकंदाला एकदा बारीक पल्स देतं, अंगाला झटका बसतो खरं माणूस चिकटून राहत नाही. डुकरांसाठी ते ठीक, चोराला काय अडवणार, तो लाकडानं तार दाबून आत येतो.

आता माझ्या कामाचं सांगतो. पॅनेल ज्या क्लॅम्पनं बसवतात त्याला बहुतेक एम-८ चे ॲलन बोल्ट असतात, सहा एमएमची एक ॲलन की खिशात असली की दहा मिनिटांत पॅनेल खाली. तर बोल्ट पूर्ण टाइट झाला की त्याच्या डोक्यातल्या षटकोनी खड्ड्यात सायकलच्या मागच्या हबमधला पाव इंची छर्रा ठेवायचा आणि हातोडीनं ठोकून आत बसवायचा. जरा मोठा असतो त्यामुळं घट्ट रुततो, वरनं एम-सील भरून टाकायचं. मग की जातच नाही. अजून पक्कं पाहिजे तर शिअर नट मिळतात, आवळता आवळता वरचा षटकोनी भाग मोडून पडतो आणि खाली नुसता गोल शंकू उरतो, पाना कुठं लावणार. पॅनेलजवळ वेल्डिंग मात्र करू नको, ठिणग्या काचेवर बसल्या की काच कायमची खराब होते. स्ट्रक्चर खाली वर्कशॉपात वेल्ड करून न्यायचं, वर फक्त बोल्ट.

पॅनेलच्या फ्रेमवर आतल्या बाजूनं ग्राइंडरनं किंवा पंचानं तुझं नाव-गाव ठोकून घे, मोठ्या अक्षरात. भंगारवाल्याला असला माल घ्यायला अवघड जातं. मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर फोटो काढून घरी ठेव.

बॅटरीला तीन एमएम पत्र्याची पेटी. तळाला आतनं चार भोकं, काँक्रीटमध्ये पुरलेल्या बोल्टांवर बसवून आतून नट आवळायचे, म्हणजे पेटी उघडल्याशिवाय नट दिसणारच नाहीत. कुलूप उघडं लटकवायचं नाही, दाराला दोन इंची पाइपाचा तुकडा वेल्ड करायचा आणि कुलूप त्याच्या आत राहील असं करायचं, खालनं हात घालून किल्ली लागते, वरनं बोल्ट कटरचं तोंड पोचत नाही. ॲसिडच्या बॅटरीला चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो तेव्हा पेटीला वर जाळीची भोकं ठेव, विसरू नको, बंद पेटीत ठिणगी पडली तर पेटी उडेल.

आणि खरं सांगू, बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन निवांत बसलेल्या माणसाला यातलं काहीच कायमचं अडवत नाही. अर्धा-पाऊण तास खातं. तो अर्धा तास कुणाच्या तरी कानावर जाणार असेल तरच त्याचा उपयोग.

तिलारीकर

एकच सांगतो. गाडी आत येऊ देऊ नका. मोठं पॅनेल पंचवीस किलोच्या पुढं असतं, ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलो भरते, हे खांद्यावर घेऊन रात्री दोन किलोमीटर चिखलातनं कोण चालत नाही. छोटा हत्ती टेम्पो नाहीतर टमटम जवळ लागली तरच धंदा होतो. आमच्याकडं चंदगडच्या बाजूला गाडीवाटेवर जिथं एका बाजूला चढ आणि दुसऱ्या बाजूला ओढा आहे तिथं पावसाळ्यापुरती आडवी चर मारतो आणि जांभ्याचे चार मोठे चिरे लोटून ठेवतो. नोव्हेंबरला जेसीबी आला की अर्ध्या तासात बाजूला. ज्यांची जाण्यायेण्याची वाट आहे त्यांना विचारून करा मात्र, दुसऱ्याची वहिवाट अडवलीत तर नवीन भांडण. पाण्याची टाकी रिकामी ठेवू नका, भरून ठेवा, हजार लिटरची टाकी भरली की एक टन, ना वारा हलवतो ना चोर.

कॅमेरा_आणि_जंगल

कॅमेऱ्याबद्दल लिहितो, कारण लोक चार हजाराचा वायफाय कॅमेरा घेऊन रानात लावतात आणि रेंज नाही म्हणून तो नुसता डबा होऊन बसतो. तुमच्या जागेला ट्रेल कॅमेरा लागेल, वाघ-बिबट्या मोजायला वापरतात तसला, सेलवर चालतो आणि कार्डवर साठवतो. घेताना नाइट एलईडी ८५० नॅनोमीटरचे आहेत की ९४० चे ते बघा. ८५० ला अंधारात लाल ठिपके दिसतात, चोर सरळ कॅमेराच काढून नेतो. ९४० दिसत नाही, रात्रीची रेंज थोडी कमी पडते खरं चालतं.

एक कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर, सहज दिसेल असा, तो गेला तर गेला. दुसरा नऊ-दहा फूट वर झाडाला, खाली झुकवून, पहिल्या कॅमेऱ्याकडं बघणारा. शेडवर लावण्यापेक्षा गाडीवाटेच्या वळणावर लावा, तिथं गाडी हळू होते आणि नंबर मिळतो. समोरचं गवत कापा नाहीतर वाऱ्यानं हललेल्या गवताचेच हजार फोटो येतील. आणि एक, हे सेन्सर उष्णतेच्या फरकावर चालतात, एप्रिल-मेच्या दुपारी हवा अंगाएवढीच तापलेली असते तेव्हा माणूस गेला तरी कधी कधी पकडत नाही. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा, लेन्सवर आतनं धुकं येतं. साधे अल्कलाइन सेल घालू नका, लिथियमचे डबल ए घाला, बरेच जास्त दिवस टिकतात.

खरं कॅमेरा चोरी झाल्यावर सांगतो. होताना सांगायला पाहिजे असेल तर लोरा म्हणून रेडिओ मॉड्यूल मिळतात, आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही. गेटवर एक सेन्सर, आणि जिथं माणूस झोपतो त्या घरात भोंगा. मोकळ्यावर चार-पाच किलोमीटर सहज जातो, दाट झाडीत आणि मध्ये डोंगर आला तर एकही धड जात नाही, म्हणून विकत घ्यायच्या आधी कुणाकडनं तरी मागून आणून चालत जाऊन तपासा. सॅटेलाइट फोन नाहीतर परदेशी सॅटेलाइट मेसेंजर मागवायचा विचार असेल तर थांबा, आपल्या देशात परवान्याशिवाय तो जवळ बाळगणंच गुन्हा आहे, गोव्याच्या एअरपोर्टवर फिरायला आलेल्या लोकांना यावरून धरलंय.

तंबूकडं, न्हाणीकडं एकही कॅमेरा वळलेला असता कामा नये. वाटेवर कॅमेरा आहे अशी पाटी पण लावा, पाहुण्यांचा तो हक्क आहे.

काजूबाग_खानापूर

दादा, तुमचं वाचून हंड्याचं फार वाईट वाटलं. आमच्या सासूबाईंचा असाच गेला होता, मला माहीत आहे घरात कसं होतं ते.

मी दुसरंच विचारते. तुमच्या जागेपासून सगळ्यात जवळचं घर कुणाचं आणि त्या घरातल्या माणसांना तुमच्या कॅम्पमधनं काय मिळतं? रागवू नका. आमची बाग पण अशीच आत आहे, पहिली चार वर्षं आम्ही सगळं बेळगावातनं न्यायचो. भाजी बेळगावची, दूध पाकिटातलं, स्वयंपाकाला माणूस शहरातला. काजूच्या हंगामात रात्रीत पोती भरून जायची आणि आम्ही पहिलं बोट दाखवायचो पलीकडच्या गवळीवाड्याकडं. माझे दीर तर पोलीस घेऊन गेले होते तिथं. त्या घरातली म्हातारी दारात उभी राहून एवढंच म्हणाली, बाई तुझ्या वाटेवर रात्री गाडी आली ती माझ्या कुत्र्यानं सांगितली, मी उठून बघितली पण, खरं तुला सांगायला तुझा नंबर माझ्याकडं कुठं आहे. चोर नंतर सापडले, बाहेरचे होते, आमच्याच जुन्या ड्रायव्हरनं त्यांना वाट दाखवली होती. त्या म्हातारीपुढं उभं राहायची लाज मला आजपण वाटते.

त्यानंतर बदललं. दूध, दही, तूप त्यांच्याकडनंच. कोंबडी, अंडी, नाचणीची भाकरी त्यांच्याकडच्या दोन बायका करून देतात, पैसे त्याच दिवशी हातात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पावसाळ्यात बाग बंद असली तरी राखणदाराचा अर्धा पगार चालू ठेवतो. बहुतेक लोक जूनला माणसाला घरी पाठवतात आणि परत नोव्हेंबरला बोलवतात. मधल्या पाच महिन्यांत त्यानं काय खायचं? तो तुमच्या जागेकडं कशासाठी बघेल? पाच महिन्यांचा अर्धा पगार तुमच्या एका बॅटरीच्या आसपासच पडेल, हिशोब करून बघा.

त्यांना मोठी टॉर्च द्या, शिट्टी द्या, तुमचा आणि भावाचा नंबर भिंतीवर रंगानं लिहून द्या. चोराशी भिडायचं नाही, लांबनं टॉर्च मारायची, ओरडायचं आणि टेकाडावर जाऊन फोन करायचा, हे समोर बसून सांगा. त्यांच्या जिवापुढं आपली बॅटरी काहीच नाही.

कुत्रं मात्र एकटं रानात ठेवू नका. बिबट्या नेतो. माणसाजवळ असेल तरच कुत्रं.

लोंढा_रेल्वेगेट

तुमच्या कॅम्पच्या पेजवर आत्ता बघितलं. शेड, पॅनेल, बॅटरीचा रॅक, वाट, सगळं रीलमध्ये आहे आणि ३० मेला "आता भेटू नोव्हेंबरला" म्हणून टाकलंय. ते काढा आधी.

वकिली_बेळगाव

तक्रार दिलीत का ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर आजच द्या. काही गोष्टी लक्षात ठेवा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते, खरं तुमची केस ३०५ ची आहे. राहायच्या किंवा माल ठेवायच्या इमारतीतली, तंबूतली चोरी असा त्यात स्पष्ट शब्द आहे, होय, तंबू पण, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे मुद्दाम सांगतोय कारण साध्या चोरीत माल पाच हजारांच्या आतला दाखवला की तो किरकोळ खात्यात जातो आणि तपास रेंगाळतो. त्यामुळं "बॅटरी व इतर सामान" असं मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक वस्तू, तिचा सिरियल नंबर, बिल, किंमत. हंडा पण लिहा, वजन अंदाजे आणि त्यावर नाव कोरलेलं असेल तर ते नाव. जुन्या भांड्यांवर बहुतेक असतं.

हद्दीचं पण सांगतो. तुमच्याकडनं एका बाजूला चंदगड, दुसऱ्या बाजूला चोर्ला उतरलं की गोवा. माल तीन राज्यांत कुठंही जाऊ शकतो आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आपण सीमाभागातल्यांनी जन्मभर ऐकलेलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कार्यपद्धतीचा कायदा, त्याच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवावी लागते, ती नंतर योग्य ठाण्याकडं जाते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फिर्याद कन्नडमध्ये टाइप होईल. सही करायच्या आधी वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, मराठीत अर्थ समजावून घ्या, संकोच करू नका. प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. घेतच नसतील तर लेखी तक्रार एसपींना पोस्टानं पाठवा.

कोयंडा उचकटलेला, चिखलातला माग, सगळ्याचे फोटो काढले असतील तर जपून ठेवा. पुढं विमा काढलात तर घरफोडीच्या पॉलिसीत जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण दाखवावी लागते, नुसतं हरवलं म्हणून पैसे मिळत नाहीत.

सीझन सुरू व्हायच्या आधी ठाण्यात कॅम्पची माहिती लेखी देऊन ठेवा, बीटच्या पोलिसाला एकदा जागा दाखवा, पाहुण्यांचं रजिस्टर ठेवा. पंचायतीची आणि बाकीची परवानगी कागदावर नीट असू द्या, नाहीतर तक्रार करायला गेलेला माणूसच चौकशीत सापडतो. फोन करायची वेळ आली तर ११२.

रानवाट_बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला बसवून सगळं वाचून दाखवलं.

रील काढली. तक्रार आम्ही तोंडी दिली होती, एका कागदावर लिहून घेतलं आणि बघतो म्हणाले, प्रत मागायची असते हेच माहीत नव्हतं. परवा बिलं घेऊन परत जातोय. हंड्यावर नाव आहे, आईनं सांगितलं, गळ्याखाली आजीचं माहेरचं नाव आणि गाव कोरलेलं आहे. तीन वर्षं मी त्यात पाणी तापवलं, कधी वाचलं नव्हतं.

काजूबाग ताई, तुमचं लिहिलेलं सगळ्यात जास्त लागलं. आमच्याकडं राखणीला जवळच्या वाडीतला एक मामा होता. मेच्या शेवटी त्याचा हिशोब करून पाठवून दिला, पावसाळ्यात तिथं काय काम म्हणून. चोरी झाल्यावर भाऊ त्याच्याकडं गेला तो पण चौकशीच्या सुरात. मामा काही बोलला नाही म्हणे, आत निघून गेला. रविवारी मी आणि आई दोघं जाणार आहोत त्याच्या घरी, आधी ते, मग बाकीचं. या वर्षीच्या जूनपासूनचा अर्धा पगार घेऊन जातोय.

बॅटरी या वेळी लिथियमची घ्यायचा विचार आहे, १०० एएचची दहा-बारा किलोच भरते, जूनला डिकीत घालून घरी आणता येईल. बंद ठेवताना किती चार्ज ठेवायची?

उद्यमबाग_फिटर

लिथियम निम्मी चार्ज करून ठेव, फुल्ल नको आणि रिकामी तर अजिबात नको. ॲसिडवालीचं उलट, ती फुल्ल करूनच ठेवायची आणि महिन्याला एकदा चार्जिंगला लावायची. खरं एक लक्षात ठेव, हलकी बॅटरी चोराला पण हलकी. सीझनमध्ये पेटी लागेलच.

पेटीचं माप पाठव, आकार बघून पत्रा कापून ठेवतो. रविवारी मामाकडं जाऊन या, पुढच्या रविवारी मी येतो. तुझा जनरेटर चालू असेल तर ड्रिल मी आणतो, छर्रे पण आणतो, शेडच्या तळाचं काँक्रीट किती जाड आहे तेवढं बघून कळव.

काजूबाग_खानापूर

दादा, आईंना घेऊन जाताय ते फार बरं करताय. रिकाम्या हातानं जाऊ नका, गणपतीचा प्रसाद उरला असेल तर तो न्या. आणि त्यांच्या घरात फोन कुणाकडं आहे, कुठं उभं राहिलं की रेंज येते, ते तिथंच लावून बघा.